फत्ते म्हणण्याचा अधिकार

‘माघी पौर्णिमेच्या त्या ऐतिहासिक सामन्यात आपल्या गावाने खाडीपलीकडच्या बलाढ्य संघाला धूळ चारली. बाळारामच्या पोलादी पकडीतून निसटून आपल्या कर्णधाराने रेषेला हात लावला आणि हजारो कंठांतून एकच गर्जना उठली: फत्ते! शत्रूला लोळवून उच्चारलेला हा रणशब्द तेव्हापासून आपल्या गावाचा श्वास झाला.’

हा मजकूर सध्या कोलशेतला, आमच्या जुन्या मैदानाच्या तोंडाशी, दुमजली घराएवढ्या फलकावर वाचायला मिळतो. अक्षरे सोनेरी आहेत. दोन्ही बाजूंना एकेक तलवार आहे. आमच्या गावात कोयता, फावडे आणि वल्हे यांपलीकडे हत्यार कोणी हाती धरल्याचे मला ठाऊक नाही. खाली माझे छायाचित्र आहे, कारण तो कर्णधार मी. छायाचित्रातल्या माझ्या गालांवर कोणीतरी संगणकाने तांबूस रंग चढवला आहे, आणि जन्मात न बांधलेला फेटा माझ्या डोक्यावर बसवला आहे.

या मजकुरात खरे एवढेच की पौर्णिमा माघाची होती, आणि बाळारामने मला पकडले होते. उरलेले सगळे खोटे आहे. ‘हजारो कंठ’ हेही खोटे. गावातली गुरे मोजणीत धरली असती तरी तो आकडा भरला नसता. मी आयुष्यभर कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवले. मुलांच्या निबंधांतली असली वाक्ये मी लाल शाईने खोडत असे. आता तीच वाक्ये माझ्याच छायाचित्रावर लटकली आहेत, आणि येत्या रविवारी गावच्या कबड्डी स्पर्धेत त्यांच्याखाली उभे राहून मी शाल स्वीकारावी, अशी अपेक्षा आहे.

माघ आला की माझे तळपाय हुळहुळू लागतात. ही वयाची व्याधी नव्हे. मिठागराच्या चिखलात ज्याचे पाय लहानपणी मुरले, त्याला ऋतू पायांतूनच कळतो. आमच्याकडे मिठाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि माघात रंगात येई. वाफ्यांतले पाणी दिवसागणिक जड होत जाई. सकाळी त्याच्यावर तापलेल्या दुधासारखी पातळ साय धरलेली असे. उन्हे वर आली की ती साय खाली बसे आणि तळाशी खडे जमत. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते ओढताना एक खरखर उठे. ती ऐकूनच माझी आई घरातून सांगे, ‘आज दाना मोटा हाय.’ बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून मीठ वाहत, आणि ओघळणाऱ्या खाऱ्या पाण्याने त्यांचे कान फुटत. संध्याकाळी त्या कानांना खोबरेल लावत बसत आणि एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. त्या पांढऱ्या राशींच्या पलीकडे खाडीचा बांध होता, बांधाच्या आतल्या अंगाला आमची भातशेते आणि गोड्या पाण्याचे तळे. सगळे गाव त्या मातीच्या बांधाच्या भरवशावर जगत होते.

आता त्या जागी मनोरे आहेत. मिठागराचे पैसे आमच्याच घरांनी घेतले, मीही घेतले. त्याबद्दल मी रडगाणे गात नाही. पण ज्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर ‘जिंकणाऱ्यांचा पत्ता’ असे लिहिले आहे, त्या द्वारापाशी मी दर वेळी थांबतो. कोणाविरुद्ध जिंकलेले लोक आत राहतात, हे मी पहारेकऱ्याला एकदा विचारले. तो म्हणाला, ‘पता नहीं अंकल, मैं तो रात को आता हूँ.’ त्या इमारतीत मला भेटलेला तेवढाच एक प्रामाणिक माणूस.

ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत कुठेही जा, हा एकच उकिरडा दिसतो. शिकवणीवाल्यांच्या फलकांवर परीक्षेत ‘विजय’ मिळवलेल्या पोरांची टपाल तिकिटाएवढी तोंडे दाटीवाटीने चिकटवलेली. चौकाचौकात कोणाच्या तरी वाढदिवसाचा ‘विजयोत्सव’. जन्माला येण्यातही या माणसाने कोणाला तरी हरवले असावे. कोपरीला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या गल्लीत लहान मुलांची लिंबू-चमचा शर्यत झाली, तिच्यातल्या विजेत्यासाठी ढोल-ताशे आले आणि हरलेली एक पोर कर्ण्याच्या भिंतीमागे कान दाबून बसली. जिंकणे या गोष्टीची इतकी दुर्गंधी मला पूर्वी कधी आली नव्हती. कुजलेल्या झेंडूचा, जळक्या डिझेलचा आणि रंगीत धुराचा मिळून तो वास होतो.

‘फत्ते’ या शब्दाचे मूळ सांगायला पुढे सरसावलेले दोघे मला या महिन्यात भेटले. पहिला माझ्या पुतण्याचा मुलगा कल्पेश. स्पर्धेचा सर्वेसर्वा तोच, आणि फलकावरचा मजकूरही त्याचाच. कोणा सरदाराने इथे शत्रूला खाडीत लोटले आणि तो शब्द गावाला बहाल केला, अशी कथा त्याने आधी रचली होती. सरदाराचे नाव मी विचारले तेव्हा त्याने सरदार काढून टाकला आणि मला घातले.

दुसरे डोंबिवलीचे एक निवृत्त प्राध्यापक. वाचनालयात मला गाठून त्यांनी कोश उघडला. शब्द मूळचा अरबी, तो फार्सीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘उघडणे’. ‘म्हणजे बघा मास्तर, किल्ल्याचा दरवाजा जेत्यासाठी उघडतो, तीच फत्ते,’ असे म्हणून त्यांनी विजयी मुद्रेने चष्मा काढला.

कोशाशी माझे भांडण नाही. मूळ अरबी आहे, उघडण्याचे आहे, मान्य. पण शब्दाचे कुळ कळले म्हणजे त्याचे वर्तन कळत नाही. तो आमच्या खाडीकाठी कोणी आणला, मिठाच्या व्यापाऱ्याच्या मुनशीने की गलबतावरच्या तांडेलाने, हे मला ठाऊक नाही. आणि ठाऊक आहे असे जो म्हणेल तो थाप मारतो. मला ठाऊक आहे ते एवढेच की आमच्या गावी हा शब्द दरवाजा उघडल्यावर कोणी उच्चारत नसे. फुटलेला बांध बंद झाल्यावर उच्चारत असत. प्राध्यापकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मग तुमच्या गावाने शब्द चुकीचा वापरला.’ मी त्यांना म्हणालो, ‘तुमच्या कोशाला कधी खारे पाणी लागले आहे का?’ तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. मला त्याचे दुःख नाही.

बांध फुटून पडलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणत असू. उधाणाच्या भरतीत खेकड्याच्या बिळापासून सुरुवात होई, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी वाट पडे. भरतीच्या जोराला कोणी हात लावू शकत नसे. ओहोटी लागली की काम सुरू. पुढची भरती यायच्या आत ते पुरे झाले नाही तर खारे पाणी शेतात मुरे आणि त्या जमिनीत भाताचे रोप धरायला पुढे कित्येक पावसाळे जावे लागत. वासे ठोकायचे, पेंढ्याच्या जुड्या आडव्या लावायच्या, आणि हातोहात चिखलाचे गोळे देत राहायचे. जुड्या वाहून जाऊ नयेत म्हणून एक माणूस खांडीत उतरून त्यांना पाठ लावून उभा राही. चिखल त्याच्या छातीपर्यंत चढला की त्याला वर ओढायचे, आणि त्याची जागा शेवटच्या गोळ्यांनी बुजवायची.

त्याला वर ओढल्यावर सगळे गप्प राहत. बांधावरच्या माणसाला वरून वाटते की काम झाले. पण तळाशी पाणी सरकायचे थांबले की नाही, हे खांडीतून आलेल्या माणसाच्या तळपायांनाच ठाऊक असते. तो दम घेई, डोळ्यांतला चिखल पुशी, आणि त्याची खात्री असेल तरच म्हणे, ‘फत्ते.’ मग बाकीचे ओरडत. त्याच्या आधी कोणी तोंड उघडले तर म्हातारी माणसे त्याला तिथेच चार शिव्या हासडत. एकदा खुद्द गावच्या पाटलाने घाई केली होती. त्यालाही माझ्या आत्याने सोडले नाही. ‘तुजे पाय कोरडे, तुला काय म्हाईत?’ हे तिचे वाक्य.

खेळात हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. हुतुतूत डाव चढे, गडी बाद होई, लोण बसे. रणशब्द म्हणे! त्या शब्दात रण कुठेही नव्हते. त्यात कोणी लोळत नसे आणि कोणी हरत नसे. खाडी तर मुळीच हरत नसे. ती पुढच्या भरतीला पुन्हा दारात उभी.

आता तो सामना. भात झोडून झाल्यावर बांधालगतचे एक शेत आम्ही पाणी शिंपडून चोपत असू. इतर गावांत रेषा चुन्याने आखत; आमच्याकडे त्या मिठाने आखल्या जात. पांढऱ्या मिठावर माघाचे ऊन पडले की रेष डोळ्यांत खुपे. खाडीपलीकडचा संघ होडीतून आला होता. त्यांचा कर्णधार बाळाराम. त्याची मान नव्हतीच. डोके सरळ खांद्यांवर ठेवले होते. होडीतून उतरतानाच तो मला म्हणाला, ‘मास्तर होनार हायेस म्हनं तू? मंग आज तुला पह्यला धडा देतो.’ मी मास्तरकीचा अभ्यास करत होतो, ही बातमी खाडी ओलांडून गेली होती.

दुपारी उधाण चढत होते. डाव कोणावर चढलेला होता, हे मला आठवते, पण मी सांगणार नाही. मी चढाईला गेलो आणि बाळारामने माझा डावा घोटा धरला. मी पालथा पडलो. तोंडाने दम चालू होता, उजवा हात रेषेकडे पसरलेला, आणि घोट्यातून काहीतरी करकरले. तेवढ्यात बांधावरून माझ्या आत्याचा आवाज आला, ‘खांड परली गो, खांड परली!’

बाळारामने घोटा सोडला.

माझ्या साऱ्या म्हणण्याचा गाभा या तीन शब्दांत आहे, आणि फलकाचे सारे खोटेपणही तिथेच उघडे पडते. मी निसटलो नाही. त्याने सोडले. तो बांध आमच्या गावचा होता, आमच्या घराच्या वाट्याचा. पाणी शिरले असते ते आमच्या शेतात, आमच्या तळ्यात, आमच्या मिठाच्या राशींत. पलीकडच्या गावाचे त्यात टोपलीभरही जात नव्हते. तरी बांधाकडे सगळ्यांत आधी धावला तो बाळाराम, आणि त्याच्यामागे त्याचा अख्खा संघ. आमचेच दोघे-तिघे अजून पंचांशी हुज्जत घालत उभे होते.

मी लंगडत निघालो तेव्हा पाणी शेतात आले होते. ते शांतपणे पसरत गेले आणि वाटेतल्या मिठाच्या रेषा विरघळवत गेले. ज्या रेषेला मी हात लावला असे फलक सांगतो, ती रेष माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. तिला मी शिवलो असतो तर माझा तळहात पांढरा झाला असता. त्याला फक्त चिखल होता.

फलक लागला त्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. सुनंदा बाळारामची मुलगी, डोंबिवलीला राहते. बाळाराम पुढे कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात लागला आणि तिथेच निवृत्त झाला. दर माघात मी त्याच्याकडे आमच्या मिठागराचे पुडकेभर मीठ घेऊन जात असे. मिठागर गेल्यावर वाण्याकडचे नेऊ लागलो, आणि तो ते जिभेवर ठेवून तोंड वाकडे करी. तो सामना कोणी जिंकला असता, हा विषय आम्ही काढला नाही. तो फक्त माझ्या पायाकडे बघून म्हणे, ‘मास्तर, तुजा घोटा अजून माज्या मुठीत हाय बरं का.’ मी म्हणे, ‘आणि माझा दम अजून सुटलेला नाही.’ त्याची बायको म्हणे, ‘झालं यांचं सुरू.’ गेल्या वर्षी तो गेला. त्या दिवशी त्याचा उजवा हात मी बराच वेळ माझ्या हातात धरून बसलो होतो.

‘काका,’ सुनंदा म्हणाली, ‘नातवाने मला बोर्डचा फोटो दाखवला. बाबा हरले होते का? ते तर कधी बोलले नाहीत.’

‘हरला नव्हता.’

‘मग तुम्ही असं लिहू कसं दिलंत?’ तिने विचारले. ‘मला पण बोलावलंय रविवारी. स्टेजवर. पराभूत कर्णधाराची मुलगी म्हणून शाल देणार आहेत. खिलाडूवृत्ती की काय म्हणाला तो मुलगा. काका, बाबा असते तर गेले असते का हो?’

माझ्या तोंडी आलेले उत्तर शिवी होते, म्हणून ते मी कल्पेशसाठी राखून ठेवले.

कल्पेशला मी घरी बोलावले. मुलगा वाईट नाही. फक्त रिकामा आहे, आणि रिकाम्या जागी त्याने ध्वनिवर्धक भरला आहे. त्याने माझे सगळे ऐकले आणि मोबाइलवर अंगठा फिरवत म्हणाला, ‘अण्णा, पण आमच्या आजाने तर सांगितलेलं, तुम्हाला खांद्यावर घेऊन सगळे फत्ते फत्ते करत गावात आलेले.’

त्याचा आजा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने पाहिले ते बरोबर पाहिले. ‘मला खांद्यावर घेतले कारण घोटा भोपळ्याएवढा सुजला होता,’ मी म्हणालो. ‘आणि लोक ओरडत होते ते खांड बुजली म्हणून. सामना तर अर्धाच राहिला.’

‘अर्ध्या मॅचला ट्रॉफी कोण देतं, अण्णा? पब्लिक हसेल ना.’

‘हसू दे.’

‘फ्लेक्स छापून झालेत. स्पॉन्सर आलेत. आणि कमाल आहे तुमची, जिंकलेले तुम्ही, आणि तुम्हीच नाय म्हणता!’

‘जिंकलो नाही म्हणूनच नाही म्हणतो, गाढवा.’

तो हसला. आजची पिढी शिवीलाही आशीर्वाद समजते. मग जरा विचार करून, मोठ्या उदारपणे, तो म्हणाला, ‘बरं, असं करू. मॅच काढून टाकू. खांडीचीच स्टोरी घेऊ, ती पण भारी आहे. पण त्यात पण हिरो तुम्हीच ना? आजा सांगायचा, ज्याचा बांध त्यानेच खांडीत उभं राहायचं, अशी रीत. बांध आपला. म्हणजे शेवटी आत तुम्हीच होतात. म्हणजे फत्ते आपलीच!’

हीच ती खोड. सामना काढला तर बांध घेतील, बांध काढला तर आणखी काही घेतील, पण कोणीतरी जिंकलेला आणि तो आपलाच, एवढे मात्र सोडणार नाहीत. मला त्या क्षणी माझ्याच घरातल्या हवेचा वीट आला. रीत मात्र त्याने बरोबर सांगितली, हे मी मान्य करतो. ज्याचा बांध, त्यानेच खांडीत उभे राहायचे. म्हणून मीच उतरलो होतो.

ते पाणी मला आजही पोटऱ्यांवर आठवते. वरून ऊन आणि कमरेखाली गारठा. पाठीला पेंढ्याची ओली जुडी, तिच्या काड्या बरगड्यांत रुतणाऱ्या. समोर माणसांची रांग, आमच्या आणि त्यांच्या गावची मिसळलेली, हातोहात गोळे देणारी. कोण कुठला हे चिखलाने पुसून टाकलेले. ओहोटीची ओढ आतून बाहेर खेचत होती, आणि माझा डावा पाय भार घेईना. मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा जुडीही सुटू लागली. भाऊ बांधावरून ओरडत होता, आत्या देवाला काहीबाही कबूल करत होती. तेव्हा माझ्या शेजारी कोणीतरी धपकन उडी टाकली. बाळाराम. त्याने मला कोपराने बाजूला ढोसले आणि आपली रुंद पाठ जुडीला लावली.

‘बांध आमचा आहे,’ मी म्हणालो. त्या अवस्थेतही माझा अहंकार शाबूत होता, हे मी अभिमानाने नोंदवतो.

‘आनि घोटा कोनी मोरला?’ तो म्हणाला. ‘सर बाजूला, मास्तर.’

मला वर ओढले. मी बांधावर पालथा पडून खाली बघत राहिलो. दिवस कलत होता, मिठाच्या राशी तांबूस झाल्या होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी येऊन पाणी थबकले होते. चिखल त्याच्या कमरेपर्यंत आला, मग छातीपर्यंत. तो एका जागी उभा होता, डोळे मिटून, जणू पायांनी काही ऐकत असावा.

रविवारी मी मैदानावर जाणार आहे. शाल घेण्यासाठी नव्हे. सुनंदालाही मी यायला सांगितले आहे. ती माझ्या शेजारी बसेल, आणि तिला कोणी पराभूताची मुलगी म्हटले तर ध्वनिक्षेपक माझ्या हातात असेल. कल्पेशने मला बोलायला पाच मिनिटे दिली आहेत. मला तेवढी लागणार नाहीत. तलवारी त्यांनी ठेवाव्यात, प्राध्यापकांनी आपला दरवाजा ठेवावा, माझ्या डोक्यावरचा फेटाही हवा तर ठेवावा. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकल्यावर त्या फलकाचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

त्या दिवशी खांडीतून शेवटी वर आला, तो बाळाराम.